खुर्ची जागची हलत नाही

तलवारबाजी शिकायला लागलो तेव्हा पहिले दोन महिने आमच्या हातात तलवार आलीच नाही. सांगलीतल्या एका शाळेच्या सभागृहात, फरशीवर खडूनं आखलेल्या पट्ट्यावर आम्ही नुसते मागेपुढे सरकायचो. गुडघे वाकवायचे, एक पाऊल पुढे, दोन मागे, पुन्हा एक पुढे. सर म्हणायचे, तलवार हातात असली तरी लढत पायांत असते. पुढे बरीच वर्षं खेळलो, मग पंच म्हणून उभा राहिलो, पण त्यांच्या या बोलण्याबद्दल मला कधी शंका आली नाही.

मग एका शिबिरात मला व्हीलचेअरवर बसून खेळायला सांगितलं. खुर्ची लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेली, पाय पट्ट्यानं बांधलेले. समोर वयानं माझ्याहून बराच लहान मुलगा होता. पंचानं ‘खेळा’ म्हटलं, त्या मुलाचं पातं पुढे आलं आणि माझे बांधलेले पाय मागे सरकायला धडपडले. मागे हवी तेवढी जागा होती आणि मला तिथे जाता येत नव्हतं. पाच टच मिनिटभरात गेले. मास्क काढला तेव्हा मानेवरून घाम ओघळत होता आणि मांड्या दुखत होत्या. ज्या पायांनी काहीच केलं नव्हतं, तेच दमले होते.

त्या मिनिटभरानं मला हे पुस्तक लिहायला लावलं. ते इटलीच्या बेआत्रिचे व्हिओ हिच्या व्हीलचेअर तलवारबाजीविषयी आहे. सगळं जग तिला बेबे म्हणतं, मीही तसंच म्हणणार आहे. तिला काय झालं, ती त्यातून कशी उठली, यावर पुष्कळ लिहून आलं आहे. तिनं स्वतः लिहिलं, तिच्यावर चित्रफिती निघाल्या. पण ती तलवार खेळली कशी, याकडे नजर क्वचितच जाते. लोक तिच्या हातापायांकडे बघतात, डोळे पुसतात आणि पातं बघायचं राहून जातं. तलवारबाजाला याहून मोठा अन्याय दुसरा नाही, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आधी खेळ.

व्हीलचेअर तलवारबाजीत दोन खुर्च्या एका मधल्या दांड्याला जोडलेल्या चौकटीत बसवतात आणि आवळून टाकतात. खुर्च्या एकमेकींसमोर अगदी सरळ नसतात. दांड्याशी त्या एकशे दहा अंशांचा कोन करतात, त्यामुळे दोघांचे तलवारीचे हात एकमेकांसमोर येतात. मग अंतर मोजायचं. फॉइल या प्रकारात एकानं हात पूर्ण लांब केला की त्याच्या पात्याचं टोक समोरच्याच्या दुमडलेल्या हाताच्या कोपरापर्यंत, आतल्या बाजूला पोचलं पाहिजे. माप कोणाच्या हाताचं घ्यायचं, हे ज्याचा हात आखूड त्यानं ठरवायचं. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. एकदा अंतर ठरलं की लढत संपेपर्यंत ते तेवढंच. उभ्या तलवारबाजीत अंतर म्हणजे तुमचा श्वास. चुकलात तर मागे या, विचार करा, पुन्हा जा. इथे दोघंही कायम एकमेकांच्या टप्प्यात असतात. सुटकेसाठी कंबर तेवढी उरते.

कंबर आणि पाठ मागे झुकवून पातं चुकवायचं, पुढे झोकून टोक लावायचं. उभ्या खेळातला लंज, म्हणजे पुढची झेप, पायांतून निघतो, इथला पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंतून. आसनावरून उठायचं नाही. उठलात तर पंच दंड देतो. मोकळ्या हातानं खुर्चीची दांडी धरून खेळाडू स्वतःला खेचतो, ढकलतो, तोल सांभाळतो. म्हणूनच खेळाडूंचे गट धडाच्या ताकदीवरून पडतात. ज्यांचं धड नीट साथ देतं ते ‘अ’ गटात. बसल्या बसल्या तोल सांभाळणंच ज्यांना अवघड, ते ‘ब’ गटात. बेबे ‘ब’ गटातली होती.

फॉइलमध्ये फक्त धडावर लागलेला टच गुण देतो. धडावर धातूच्या तारांचं जाकीट असतं. टोक त्यावर किमान पाचशे ग्रॅमचा दाब देऊन टेकलं की दिवा लागतो. पातं फिरवून मारण्याला इथे किंमत नाही, टोकच लागावं लागतं. शिवाय प्राधान्याचा नियम आहे. ज्यानं आधी हल्ला सुरू केला त्याचा हक्क, समोरच्यानं तो पात्यानं अडवला की हक्क त्याच्याकडे. दोघांचे दिवे एकदम लागले तर गुण कोणाचा, हे पंच सांगतो. बसलेल्या खेळाडूंमध्ये हा हक्क इतक्या झरझर इकडून तिकडे जातो, की पंच म्हणून अशी पहिली लढत पाहिली तेव्हा मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला कचरत होतो. साखळीतल्या पाच टचच्या लढती कित्येकदा मिनिटाच्या आत संपतात. बाद फेरीत पंधरा टच, तीन-तीन मिनिटांचे तीन डाव.

आता बेबे.

ती व्हेनिसमध्ये ४ मार्च १९९७ रोजी जन्मली आणि जवळच्या मोल्यानो व्हेनेतो या गावात वाढली. पाचव्या वर्षी ती तलवारबाजीला जाऊ लागली. इटलीत याचं नवल कुणाला वाटत नाही. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये त्या देशाला सर्वाधिक पदकं याच खेळानं दिली आहेत. आपल्याकडे मूल जसं आपसूक क्रिकेटकडे वळतं, तशी तिकडच्या कित्येक गावांतली मुलं तलवारबाजीच्या क्लबात जातात. बेबे अकरा वर्षांची असताना, २००८च्या नोव्हेंबरमध्ये तिला मेंदूच्या आवरणाचा जीवाणूजन्य दाह झाला. संसर्ग रक्तात पसरला. जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना तिचे दोन्ही हात कोपराखाली आणि दोन्ही पाय गुडघ्यापाशी कापावे लागले. इस्पितळात तिचे शंभरावर दिवस गेले. चेहऱ्यावर वण राहिले, ते तिनं कधी लपवले नाहीत. या दिवसांवर पुस्तकात एक छोटं प्रकरण आहे आणि ते मुद्दाम छोटं ठेवलं आहे.

साधारण वर्षभरानं ती पुन्हा तलवारबाजीकडे आली. प्रश्न एकच होता, आणि तो शुद्ध तंत्राचा होता. फॉइल धरायचं कशानं?

फॉइल खेळलेल्या माणसालाच या प्रश्नाचं खरं वजन कळेल. आमच्या खेळात अंगठा आणि तर्जनी पात्याला दिशा देतात, बाकीची तीन बोटं सूक्ष्म हालचाली करतात. टोक समोरच्याच्या पात्याखालून फिरवून दुसऱ्या बाजूला न्यायचं असेल तर ते वर्तुळ नाण्याएवढं असावं लागतं, आणि ते बोटांतून येतं. मनगट फार हललं तर सर टोकायचे, आणि हालचालीत कोपर आलं तर ओरडायचे. हे सगळं बेबेला बंद होतं. बोटं नाहीत, मनगट नाही. डाव्या हाताच्या उरलेल्या भागावर कृत्रिम हात बसवून त्यालाच फॉइल जोडलं. म्हणजे आम्हाला जो दोष म्हणून शिकवला होता, त्या कोपरातूनच तिला सगळी तलवार उभी करायची होती. दुसऱ्या हातालाही बोटं नाहीत, त्यामुळे खुर्चीची दांडी मुठीत घट्ट पकडायची सोय नाही. हात आणि पाय दोन्ही नसताना जगातल्या सर्वोच्च पातळीवर फॉइल खेळणारी ती एकटीच होती.

हे समजून घ्यायला मला युरोपातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा दांडपट्ट्यानं जास्त मदत केली. कोल्हापुरात मर्दानी खेळ पाहिलेल्या वाचकाला तो सांगायला नको. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारं लोखंडी आवरण. आत आडवी दांडी असते, ती मुठीत धरायची. पातं हाताच्या रेषेत, पुढे. हात आत गेला की मनगट जवळजवळ बंद होतं. त्यामुळे पट्टेकरी मनगटातून काही करायला जातच नाही. त्याची फेक कोपरातून, खांद्यातून, कमरेतून येते, आणि ते पातं अंगाभोवती फिरतं तेव्हा हात कुठे संपला आणि पोलाद कुठे सुरू झालं हे बघणाऱ्याला सांगता येत नाही. महाराष्ट्र शासनानं २०२४ साली त्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. पट्ट्याला कुणी अधू तलवार म्हणत नाही. मनगट बंद करून घडवलेली ती एक वेगळी विद्या आहे.

बेबेच्या लढती मी या नजरेनं पुन्हा पाहिल्या आणि पूर्वी न दिसलेलं दिसू लागलं. साम्य पूर्ण नाही. पट्टा कापतो, फॉइल टोचतं, आणि कोपरातून टोक नेमकं लावणं हे कोपरातून वार फिरवण्यापेक्षा कितीतरी कठीण. पण तत्त्व तेच. तिचा बचाव नाण्याएवढ्या वर्तुळाचा नसतो, ताटाएवढा असतो. मोठी हालचाल म्हणजे जास्त वेळ, आणि जास्त वेळ म्हणजे धोका. तो वेळ ती दोन जागी भरून काढते. एक म्हणजे आधी निघणं. समोरच्याचा हात हलायच्या आत तिचं धड पुढे झेपावलेलं असतं, त्यामुळे प्राधान्य बहुतेकदा तिच्याकडे राहतं. दुसरी जागा कमरेची. ती इतकी मागे झुकते की पातं तिच्या जाकिटापासून चार बोटांवर संपतं, आणि तिथूनच, परत येता येता, तिचा टच लागतो. पुस्तकाची मधली चार प्रकरणं केवळ या दोन गोष्टींवर आहेत. वाचायला ती थोडी जड जातील. तरीही ती वगळून पुढे जाऊ नये, अशी माझी विनंती आहे.

रिओ पॅरालिम्पिकमध्ये, सप्टेंबर २०१६ मध्ये, ती एकोणीस वर्षांची होती. अंतिम फेरीत चीनची झोऊ जिंगजिंग समोर होती. बेबेनं १५–७ नं सुवर्ण जिंकलं. शेवटचा टच लागल्यावर तिनं मास्क उतरवून जी आरोळी ठोकली, ती अजून कानात आहे. त्याच स्पर्धेत इटलीच्या फॉइल संघाबरोबर कांस्यही मिळालं. पाच वर्षांनी टोकियोत पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा झोऊ जिंगजिंग, या वेळी १५–९. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. झोऊ ही असामान्य खेळाडू होती. तिनं मधल्या वर्षांत बेबेचा अभ्यास केला असणार, आणि तो दोन टचनी दिसला. बेबेलाही तो दिसला होता. टोकियोची लढत मला रिओपेक्षा मोठी वाटते, कारण त्यात उत्साह कमी आणि विचार जास्त आहे. संघानं तिथे रौप्य मिळवलं.

टोकियोच्या सुवर्णानंतर बेबेनं एक गोष्ट सांगितली. त्याच वर्षी तिच्या डाव्या हाताच्या कोपरात स्टॅफिलोकॉकस जीवाणूचा संसर्ग झाला होता. एप्रिल २०२१ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. हात आणखी वर कापावा लागेल, जिवालाही धोका आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. स्पर्धेला चारेक महिने उरले होते. तिची सगळी तलवारबाजी ज्या एका सांध्यावर उभी होती, तोच सांधा. हे कळल्यावर मी ती अंतिम लढत पुन्हा लावली आणि फक्त कोपराकडे बघत बसलो. पहिल्या पाच-सहा टचमध्ये ती नेहमीपेक्षा जास्त झुकते आहे, हात कमी वापरते आहे, असं मला वाटलं. हा माझा अंदाज आहे; वाचकानं लढत पाहून स्वतःच ठरवावं.

ही विद्या एकट्या बेबेपासून सुरू झालेली नाही. जर्मनीतून नाझींच्या छळामुळे इंग्लंडला आलेले मज्जाविकारतज्ज्ञ लुडविग गुटमन यांनी १९४४ साली स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला. त्या काळात अशा रुग्णांचं आयुष्य महिन्यांत मोजायची रीत होती. गुटमन त्यांना अंथरुणातून उठवून खेळायला लावत. लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ रोजी, रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. तलवारबाजी तिथे पुढच्या दशकात आली आणि १९६०च्या रोमच्या पॅरालिम्पिकमध्ये ती होती. त्या रोपट्याच्या एका फांदीखाली आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकरही उभे आहेत. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या जवानानं १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकलं. सांगलीत लहानाचा मोठा होऊनही मला त्यांचं नाव शाळेत कुणी सांगितलं नाही, याची खंत आहे.

हंगेरीच्या पाल सेकेरेश यांच्याबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये त्यांनी उभं राहून संघाबरोबर फॉइलचं कांस्य जिंकलं. १९९१ मध्ये बस अपघातात पाय निकामी झाले. पुढच्याच वर्षी बार्सिलोनाच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी बसून फॉइलचं सुवर्ण जिंकलं. एका वर्षात एखाद्याला नवा खेळ शिकून जगात पहिलं येता येत नाही. त्यांनी खेळ बदललाच नव्हता. हाँगकाँगची यू चुई-यी हिचा डावा पाय अकराव्या वर्षी हाडाच्या कर्करोगानं गेला, आणि अथेन्सला २००४ मध्ये तिनं एकाच स्पर्धेत चार सुवर्णं घेतली. बेबे या रांगेतली आहे. तिला रांगेबाहेर काढून एकटीला देव्हाऱ्यात बसवलं, की तिची तलवार दिसेनाशी होते.

आजाराबद्दल एक गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे, कारण तिचा धागा पुण्यापर्यंत येतो. बेबेनं आपलं नाव लसीकरणाच्या प्रचाराला मोकळेपणानं दिलं. तिला झालेला आजार करणारा मेनिन्गोकॉकस जीवाणू सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात दरवर्षी मुलांचे जीव आणि हातपाय घेतो. तिथली ‘अ’ प्रकारची साथ रोखणारी स्वस्त लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवली आणि २०१० साली बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली. पाच प्रकारांवरची त्यांचीच नवी लस २०२४ मध्ये नायजेरियात पोचली. हडपसरला त्या संस्थेवरून जाताना मला आता ते आठवतं. तिकडे कुठल्याशा गावात एखाद्या अकरा वर्षांच्या मुलीची बोटं शाबूत असतील, आणि तिला बेबे व्हिओ कोण हे कळायचं कारणही पडणार नाही.

बेबेच्या आईवडिलांनी २००९ मध्ये आर्ट-फोर-स्पोर्ट ही संस्था काढली. हातपाय गमावलेल्या मुलांना खेळासाठीचे कृत्रिम अवयव मिळावेत, हा तिचा उद्देश. खेळासाठीचा अवयव वेगळा लागतो. चालायचा पाय धावायला चालत नाही, आणि पेला धरायचा हात फॉइल धरत नाही. तो महाग असतो आणि वाढत्या मुलाला पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. आपल्याकडे जयपूर फूटनं असंख्य माणसांना चालतं केलं. खेळायच्या अवयवाचा विचार अजून घराघरांत पोचायचा आहे. आमच्या सभागृहात खुर्च्या बसवायची चौकट आणायची म्हणून मी काही वर्षं खटपट केली. ज्यांच्याकडे गेलो त्यांतल्या एकानं विचारलं, “अशी मुलं येणार आहेत का तुमच्याकडे?” मी म्हटलं, चौकट आल्यावर येतील. ती यायला चार वर्षं लागली. ती आली त्या महिन्यात तीन मुलं आली.

शब्दांविषयी थोडं. ‘व्हीलचेअर’, ‘फॉइल’, ‘टच’, ‘लंज’ हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण सांगलीत काय आणि संभाजीनगरात काय, मुलं तेच बोलतात. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी कागद आणि योजनांची नावं सोडून कुठे वापरलेला नाही. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांच्यासाठी मला ‘खेळाडू’ पुरला. ‘जिद्द’ हा शब्द पहिल्या खर्ड्यात इतक्या वेळा आला होता की मी तो सगळीकडून काढला. जिद्द तर झोऊ जिंगजिंगकडेही होती. तिचा पराभव तंत्रानं झाला, आणि तंत्राबद्दल लिहिणं हे माझं काम होतं.

पॅरिसला २०२४ मध्ये, ग्राँ पालेच्या काचेच्या छताखाली, बेबे चिनी खेळाडूकडून हरली. वैयक्तिक कांस्य मिळालं, संघाचंही कांस्य. पुढच्या वर्षी तिनं तलवारबाजी मागे ठेवली आणि धावण्याच्या पात्यांवर शंभर मीटरकडे वळली. २०२८चं लॉस एंजेलिस तिच्या डोळ्यांसमोर आहे. बऱ्याच जणांना धक्का बसला. त्या कोपरानं इतकी वर्षं काय काय सोसलं हे आठवून मला नवल वाटलं नाही. ज्या मुलीनं जवळपास पंधरा वर्षं हलता न येणाऱ्या खुर्चीत घालवली, तिला आता जमीन मागे टाकत पळायचं आहे. त्या प्रकरणाचा शेवट मी मोकळा सोडला आहे.

पान उलटण्याआधी घरात एक करून पाहा. दोन खुर्च्या समोरासमोर, थोड्या तिरप्या ठेवा. पाय खुर्चीच्या पायांना ओढणीनं बांधा. हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र घ्या आणि बोटांपासून कोपरापर्यंत ते दुसऱ्या ओढणीनं घट्ट गुंडाळून टाका, म्हणजे बोटांना काही करता येणार नाही. समोर घरातलं कुणीही बसवा. एकमेकांच्या छातीला टोक लावायचं, पाच वेळा. दुसरा हात पाठीमागे, खुर्ची धरायची नाही. तुमचे पाय मागे सरकायला धडपडतील. ते थांबेपर्यंत खेळा, आणि मग पहिलं प्रकरण उघडा.